बिनघंटेचं वर्ष

ट्रामला घंटा, हातरिक्षाला घंटा, शाळेला घंटा, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कालीमंदिराला घंटा, आणि आगीच्या बंबाला तर अशी घंटा की ज्यांच्या घरी आग लागली त्यांच्यापेक्षा न लागलेलेच जास्त दचकत. अशा या कलकत्ता शहरात बसून वर्षभर घंटेचा एकही आवाज कानी पडू द्यायचा नाही असं ठरवणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि त्याच्या हाताखाली मी तीन वर्षं काम केलं. बरं, कानी पडू द्यायचा नाही म्हणजे स्वतःच्या नव्हे. वीस पांढऱ्या उंदरांच्या. गल्लीतली मंडळी त्यांना ‘इंदुर-डाक्तार’ म्हणत. बंगालीत उंदराला इंदुर म्हणतात. मी नुसतं डॉक्टर म्हणत असे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांना नावांचं प्रेम नव्हतं. नाव हे निरीक्षण नव्हे, असं ते म्हणत.

मी त्यांच्यापर्यंत कसा पोचलो ते सांगायला हवं. भंडाऱ्याकडच्या एका लहान गावात मी शाळेत जात असे. तिथल्या गणिताच्या मास्तरांना चुकवता चुकवता शेवटी शाळाच चुकली. इंग्रजी तिसरीत मी जो बाहेर पडलो तो पडलोच. मावशीचे यजमान इकडे कलकत्त्याच्या गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत होते, त्यांनी बोलावून घेतलं. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलो तेव्हा वाटलं, तिकडे मला कोण ओळखतंय. हावड्याला उतरल्यावर तेच वाटून रडू आलं. खिदिरपूरच्या गोदीत पोती मोजायचं काम मिळालं, ते तीन आठवड्यांत गेलं, कारण मुकादम जवळ आला की माझा आकडा विसरायचा. पुढे कुठल्याशा मराठी घरच्या तिळगुळाला मावसाजींना हे डॉक्टर भेटले. एका कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी त्यांना माणूस हवा होता. अट एवढीच की त्याला विसापर्यंत मोजता यावं आणि गप्प बसता यावं.

मी गेलो. उत्तर कलकत्त्यातल्या एका जुन्या घराचा तिसरा मजला, तीन खोल्या आणि मागच्या दाराने निघणारी गच्ची. कॉलेजने प्रयोगासाठी भाड्याने घेतलेली ती जागा हीच प्रयोगशाळा, आणि डॉक्टर राहायलाही तिथेच. पन्नाशीचा, सडपातळ, खांद्यावर पंचा टाकलेला माणूस पिंजऱ्यांपाशी उभा होता.

“उंदरांची भीती वाटते?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

“खोटं. आत आलास तेव्हा दोन पावलं मागे गेलास. पण मग तीन पुढे आलास. एक पाऊल शिल्लक पडलं. उद्यापासून ये.”

कॉलेजच्या छापील अर्जात नोकराच्या शिक्षणाचा एक रकाना होता आणि तिथे मॅट्रिक असावं अशी अपेक्षा होती. डॉक्टरांनी त्यात ‘पुरेसे’ असा एकच शब्द लिहिला आणि खाली सही ठोकली. त्या एका शब्दावर मी पुढली सगळी वर्षं उभा होतो. आणि कुणीतरी येऊन तो शब्द तपासेल या धास्तीने त्यातल्या दोन वर्षांत एकाही दुपारी नीट जेवलो नाही. सहा महिन्यांत मावसाजींची बदली झाली, ते नागपूरला परत गेले, आणि या एवढ्या मोठ्या शहरात माझ्याशी मराठी बोलणारं माणूस एकच उरलं, तेही मोजकं बोलणारं.

आता तो प्रयोग. एक लांबट लाकडी पेटी, मधोमध बुटकी आडभिंत, तळाला पितळी सळ्या. उंदीर एका बाजूला सोडायचा. घंटा वाजवायची. थोड्या क्षणांनी त्या बाजूच्या सळ्यांत वीज सोडायची, फार नाही, पायाला चटका बसावा इतपत. उंदीर उडी मारून पलीकडे जातो. पाच-पंचवीस वेळा असं झालं की तो शहाणा होतो, घंटा ऐकल्याबरोबर, वीज यायच्या आतच पलीकडे. रोज सकाळी पहिला उंदीर पेटीत ठेवण्याआधी डॉक्टर स्वतःचा डावा पंजा त्या सळ्यांवर टेकवत आणि मला म्हणत, “सोड.” मी वीज सोडली की त्यांच्या भुवया वर जात. “ठीक. आधी आपण, मग ते.” त्यांच्या त्या पंजाची मी प्रत्येक वेळी मनात माफी मागत असे.

पण गंमत पुढेच होती. उंदीर शिकला की डॉक्टर विजेची तार काढूनच टाकत. आता सळ्या नुसत्या सळ्या. तरी घंटा वाजली की उंदीर उडी मारायचा. शंभरदा वाजवा, शंभरदा उडी. “का रे?” डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हणालो, घाबरतो म्हणून. ते वैतागले. “उंदीर उडी मारून पलीकडे गेला, एवढंच लिही. ‘घाबरला’ हे तू लिहिलंस, त्याने नाही. आणि का मारतो ते ऐक. तो थांबतच नाही, म्हणून त्याला कळतच नाही की इकडची वीज केव्हाच गेली.” मग एक दिवस त्यांनी आडभिंतीवर काच बसवली. घंटा झाली, उंदराने झेप घेतली, काचेवर आपटला, पुन्हा झेप, पुन्हा काच. शेवटी पुढचे दोन्ही पाय काचेला लावून तो उभा राहिला. काही झालं नाही. दहा-पंधरा वेळा काही झालं नाही, तेव्हा कुठे तो खाली बसला आणि मिशा पुसायला लागला. “काच लावल्याशिवाय कळत नाही,” डॉक्टर म्हणाले आणि वहीत तेवढंच लिहिलं.

ती तुकडी संपली. मग नव्या वीस उंदरांना शिकवून झालं आणि डॉक्टरांनी घंटा पोत्यात गुंडाळून ट्रंकेत टाकली. प्रश्न असा होता की वर्षभर घंटा ऐकलीच नाही, तर वर्षाने त्यांना आठवेल का? तिथून आमचं बिनघंटेचं वर्ष सुरू झालं. डॉक्टरांनी आधी स्वतःच्या सायकलची घंटा काढली. चितपूरच्या गर्दीतून ते “जरा बाजूला हो बाबा, बाजूला हो” असं शुद्ध मराठीत म्हणत सायकल काढत, आणि आश्चर्य म्हणजे लोक होत. टेलिफोन दुलईत गुंडाळला गेला. रस्त्याकडच्या खिडक्यांना कापसाच्या गाद्या ठोकल्या. वैशाखात त्या खोलीत उंदीर, डॉक्टर आणि मी असे बावीस जीव एकाच लयीत धापा टाकत असू. खाली घरमालकीण माशिमा राहत, त्यांच्या रोजच्या पूजेच्या घंटेचं काय? डॉक्टरांनी जाऊन सगळं खरं सांगितलं. माशिमा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, गणेशबाबांच्या वाहनाला त्रास नको. वर्षभर त्यांनी नुसत्या शंखावर भागवलं. शंखाबद्दल उंदरांची काही तक्रार नव्हती.

हातरिक्षावाल्यांचा बंदोबस्त मात्र अंगाशी आला. हे लोक बोटात अडकवलेली घंटा दांडीवर आपटत जातात. डॉक्टरांनी जाहीर केलं की जो आमच्या घराखालून घंटा न वाजवता जाईल त्याला मातीच्या भांड्यातून एक चहा. पहिल्या दिवशी चार जण मुके गेले. आठवड्याभरात हातीबागानपासूनचे रिक्षावाले मुद्दाम वळसा घालून आमच्या गल्लीतून जायला लागले. ज्यांचा या रस्त्याशी संबंध नव्हता ते रिकाम्या रिक्षा घेऊन दोन-दोन फेऱ्या मारत आणि खिडकीखाली थांबून घंटा उंच धरून दाखवत, बघा, वाजवत नाही. मी किटली घेऊन जिने उतरत असे. डॉक्टर वरून पाहत आणि म्हणत, “उत्तम शिकले. चूक आपल्या पेटीत आहे.”

माणसांनाही ते उंदरांसारखंच वागवत, पण आदराने. डॉक्टर म्हणतात म्हणून शेजारचे एक म्हातारे गृहस्थ खोकला दाखवायला आले. आपण तसले डॉक्टर नाही हे सांगून त्यांचं मन मोडणं डॉक्टरांना जमेना. “दिवसात किती वेळा खोकता ते लिहून आणा,” ते म्हणाले. म्हातारबुवा पंधरा दिवस वही घेऊन हिंडले. लिहायचा कंटाळा येऊन असेल, पण खोकला थांबला. त्यानंतर जिन्यात रोज दोन-तीन माणसं वह्या घेऊन बसलेली असत. ‘भीती’, ‘दुःख’, ‘आठवण’ या शब्दांना मात्र घरात मज्जाव होता. मी एकदा म्हणालो, “काल गावची फार आठवण आली.” ते म्हणाले, “केलंस काय?” मी म्हणालो, काही नाही, गच्चीवर उभा राहिलो. “कोणत्या दिशेला तोंड करून?” मी आठवून सांगितलं, पश्चिमेला. “मग तसं सांग. गच्चीवर पश्चिमेला तोंड करून उभा होतो. कळतं माणसाला.”

सकाळी मी दोन कप चहा करी. एक ते घेत, पण वहीत डोकं घातलेलं असल्यामुळे तो गार होई, मग गारच पीत. दिवसभरात आम्ही मिळून पन्नास वाक्यं बोलत असू आणि त्यातली चाळीस आकडे. म्हणून मी उंदरांशी बोलायला लागलो. नंबराने हाक कशी मारणार? बारा नंबर आमच्या गावच्या तात्यांसारखा होता, खाण्याआधी चारी बाजूंना संशयाने बघणारा. सात नंबर म्हणजे थेट मावशी. विसांचीही नावं ठेवली होती, अर्थात डॉक्टर नसताना. एका सकाळी डॉक्टर पिंजऱ्यापाशी वाकले आणि म्हणाले, “तात्यांनी आज काही खाल्लं नाही.” माझ्या हातातलं भांडं पडलं. त्यांनी मागे न बघता सुधारलं, “बारा नंबरने.” गणपतीत भवानीपूरच्या एका मराठी घरून आमंत्रण आलं होतं. डॉक्टर गेले नाहीत; तिथे घंटा असेल, म्हणाले. घंटा ऐकून त्यांचं काय बिघडणार होतं ते मी विचारलं नाही. मी गेलो, पण वर ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून समोरच्या फुटपाथवर उभं राहून आरती संपेपर्यंत ऐकली आणि ट्रामने परत आलो. केलंस काय, असं कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून लिहितो.

आता त्यांची शेवटची सवय, जी मला कळायला फार वेळ लागला. आमचा पोस्टमन नाल ठोकलेले जोडे घालायचा, त्याची पावलं खालच्या जिन्यापासून ओळखू येत. ती वाजली की डॉक्टर, हातात काय असेल ते घेऊन, अगदी सावकाश, काही विशेष नसल्यासारखे, मागच्या दाराने गच्चीवर जात. पत्र मी घेई. कॉलेजचं असलं तर ते परत येऊन वाचत. पण महिन्याला एक पाकीट यायचं, बाईमाणसाच्या जाड अक्षरातलं, साताऱ्याकडच्या शिक्क्याचं. ते न उघडता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाई. डबा भरला तेव्हा दुसरा आणला.

गच्चीवर ते एकटे नसत, हेही कबूल करायला हवं. कॉलेजचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडोबाबू म्हणत, महिन्या-दोन महिन्यांनी जिने चढून वर येत. त्यांचे पंपशू कुरकुरत. तो कुरकुर आवाज आला की मला तो ‘पुरेसे’ शब्द डोळ्यांपुढे दिसे आणि मी मागच्या दाराने गच्चीवर. एकदा पोस्टमन आणि बडोबाबू पाठोपाठ आले. मी धावत गेलो तर टाकीच्या सावलीत डॉक्टर आधीच उभे, हातात चहाचा कप. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो, पश्चिमेला तोंड करून. ते म्हणाले, “तू कोणाला चुकवतोयस?” मी म्हणालो, “बडोबाबूंना.” त्यांनी मान हलवली. “तुम्ही?” असं विचारायची माझी छाती झाली नाही.

वर्षातले नऊ महिने पार पडले आणि एक दिवस पाकिटाऐवजी कार्ड आलं. कार्ड उघडं असतं. मराठी अक्षर दिसलं आणि जिन्यातच माझे डोळे त्यावरून फिरले. लिहिलं होतं: ‘पाकीट तू उघडत नसशील, म्हणून कार्ड टाकते. दुसऱ्या कोणी वाचलं तरी चालेल. मंडळींबरोबर काशी करून गयेला जाते आहे, आईचं करून येईन. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मंडळी कालीघाटला जातील, मी तुझ्याकडे येईन. दार उघडलं नाहीस तर मेतकुटाचा डबा उंबऱ्याशी ठेवून जाईन. आता पुन्हा एवढा प्रवास होणार नाही. अक्का.’

मी वर जाऊन कार्ड डॉक्टरांपुढे धरलं. त्यांनी अक्षर पाहिलं, कार्ड पालथं केलं आणि डब्यात टाकलं. “उंदरांचं पाणी बदललंस?” त्यांनी विचारलं.

पौर्णिमेला सहा दिवस होते. ते सहा दिवस मी कसे काढले ते मला घरातल्या नियमाप्रमाणे सांगता येण्यासारखं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचलं हे सांगावं तर नोकरी जाईल. न सांगावं तर ती बाई एवढ्या लांबून येईल, तीन जिने चढेल, पावलं वाजतील आणि हे कप घेऊन सावकाश गच्चीवर जातील. मी दार उघडून काय सांगू? या माणसाने मला ‘पुरेसे’ म्हटलं होतं. त्याआधी मला तसं कोणी म्हटलेलं नव्हतं.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कप चहा केला, डॉक्टर वहीत बुडाले, आणि मी मागच्या दाराला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. कुलूप नीट लागलं का ते तीनदा ओढून पाहिलं.

दहाच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. पण कुरकुर करणारी. मी मागच्या दाराशी पोचलो, कडी ओढली, आणि मग मला आठवलं की कुलूप माझंच आहे. डॉक्टरांनी वहीतून डोकं वर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून घड्याळ काढलं. बडोबाबू धापा टाकत आत आले. त्यांच्या काखेत दोन छत्र्या होत्या.

“की मोशाय,” ते हिंदी-बंगालीची खिचडी करत म्हणाले, “दोन वर्षं मी हे जिने चढतोय आणि तू कधी जागेवर नाहीस. कॉलेजच्या प्रत्येक चपराशाला दर साली एक छत्री. गेल्या सालची एक, या सालची एक. सही कर, माझं कपाट मोकळं होऊ दे.”

मी सही केली. मग काय अंगात आलं कोण जाणे, विचारून टाकलं, “आणि माझं मॅट्रिकचं?”

“मॅट्रिक?” बडोबाबूंनी घाम पुसला. “माझा मेव्हणा बी.ए. आहे. घरी बसलाय. उंदरांची नोकरी करशील का विचारलं तर म्हणतो, चावतील.” आणि ते कुरकुरत खाली गेले.

डॉक्टर घड्याळाकडे पाहतच होते. “किती दिवस उडी मारत होतास?”

“दोन वर्षं.”

“वीज होती?”

“नव्हती.”

“लिहून ठेव,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू येतंय असं वाटेपर्यंत खालून दुसरी पावलं आली. सावकाश, प्रत्येक वळणावर थांबणारी. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली आणि एक बाई दमल्या आवाजात स्वतःशीच म्हणाली, “अजून किती वर राहतोय हा बाबा.”

त्या जिन्यात मी मराठी कधीच ऐकलं नव्हतं. डॉक्टर उठले. कप हातात घेतला. नेहमीसारखेच, काही विशेष नसल्यासारखे, मागच्या दाराशी गेले आणि ढकललं. पुन्हा ढकललं. मग कप खाली ठेवला आणि दोन्ही पंजे दारावर टेकवून उभे राहिले. मी ते दृश्य आधी पाहिलेलं होतं, पण इतक्या मोठ्या आकारात नाही.

“काच लावलीस,” ते दाराकडेच तोंड ठेवून म्हणाले.

“हो,” मी म्हणालो. बाकी सांगायचं पाठ केलेलं सगळं विसरलो.

पुढचं दार उघडंच होतं. आत आल्या त्या साठीच्या, नऊवारीतल्या, खांद्याला पिशवी, केस प्रवासाने विस्कटलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिंजऱ्यांकडे पाहिलं, मग त्या पाठमोऱ्या माणसाकडे. “किती वाळलास,” त्या म्हणाल्या. पाठीवरूनच. डॉक्टर वळले. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. अक्का बसल्या, पिशवीत हात घालून त्यांनी मेतकुटाचा डबा काढला, मग धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी सोडवायला लागल्या. “काशीला पितळेची भांडी फार छान. तुझ्या देवांना आणली. देव तरी ठेवलेस की नाही?” असं म्हणत त्यांनी ती वस्तू वर धरली आणि, कोणीही माणूस करील तेच केलं, आवाज कसा आहे ते दाखवायला एकदा हलवली.

काशीची घंटा. खणखणीत.

वीसच्या वीस उंदीर एकदम उडाले. पिंजऱ्यात होती नव्हती तेवढी जागा ओलांडून पलीकडच्या जाळीवर आपटले आणि तिथेच चिकटून राहिले. मावशी, तात्या, सगळे. गाद्या ठोकलेल्या खिडक्या, दुलईतला टेलिफोन, माशिमांचा शंख, शेकडो भांडी चहा, नऊ महिने, सगळं त्या एका टोल्यात गेलं. खण जोरात बंद केला म्हणून डॉक्टर माझ्याशी दोन दिवस अबोला धरत. मी डोळे मिटून घेतले.

“काय झालं रे त्यांना?” अक्कांचा आवाज आला. “माझं काही चुकलं का?”

डॉक्टर पिंजऱ्यांकडे पाहत म्हणाले, “घाबरले ग, अक्का.”

मी डोळे उघडले. तो शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला, यावर आजही माझा पुरता विश्वास बसत नाही.

“एकदा लागलेलं आहे त्यांना,” ते सांगत होते. “मग आवाज आला की पळतात. कितीही दिवस गेले तरी.”

“अजून लागतं?”

“नाही. केव्हाच बंद झालं. पण ते थांबत नाहीत, तर त्यांना कळणार कसं.”

अक्कांनी घंटा पदरात धरली, तिचा आवाज होऊ नये अशी. “मी पण एकदाच लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “आईच्या तेराव्याला. तू परदेशातून आला नाहीस म्हणून रागाने. ‘आता येऊ नकोस’ एवढंच. त्याला आठ वर्षं झाली. त्यानंतर दर महिन्याला ‘ये’ म्हणूनच लिहिते आहे.”

डॉक्टरांनी दोन्ही डबे खाली काढले. मी दोन छत्र्या घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. आत दुपारभर पाकिटं फाडल्याचा आवाज येत होता. मधूनच अक्का म्हणत, “हे राहू दे, यात नुसतं गाईचं आहे,” आणि डॉक्टर म्हणत, “असू दे, वाच.”

प्रयोग मोडला, असं कोणाला वाटेल. डॉक्टरांनी वहीत लिहिलं: ‘नऊ महिने. वीसपैकी वीस.’ घंटा कोणी, का वाजवली तेही खरं खरं लिहिलं. गाद्या निघाल्या, खोलीत वारा आला, रिक्षावाले हिरमुसून आपापल्या रस्त्याला लागले. कुलुपाबद्दल ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी किल्ली मागितली आणि परत माझ्याच हातात ठेवली. पुढच्या वर्षी ते नोकरी सोडून गावी गेले, अक्कांकडे. हावड्याला मी पोचवायला गेलो. गाडी सुटण्याची घंटा झाली तेव्हा दोघंही जागचे हललो नाही, एवढं मला आठवतं.

मी इथेच राहिलो. कॉलेजने त्या तीन खोल्या सोडल्या, तेव्हा माशिमांनी त्यातली एक माझ्या नावाने ठेवली. उंदीर म्हातारे होऊन एकेक करून गेले, तात्या सगळ्यांत शेवटी. डॉक्टरांचं पत्र महिन्याला यायचं, नियमाने. ‘नदीवर गेलो. परत आलो.’ ‘अक्काशी भांडलो. नंतर जेवलो.’ अशी चार-चार ओळींची पत्रं. पण शेवटच्या पत्रात सहा ओळी होत्या. लिहिलं होतं, ‘तुझी आठवण येते असं लिहिणार होतो. तू विचारशील, केलंत काय. म्हणून सांगतो. आज सकाळी चहा केला आणि न बघता दोन कप ओतले. दुसरा गार होईपर्यंत बसलो. मग तोही प्यालो.’

त्यानंतर काही आलं नाही. अक्कांना मी दोनदा लिहिलं, उत्तर नाही; बहुधा तिथे पत्र वाचायलाही कोणी उरलं नसावं. पोस्टमन तोच आहे, जोडेही तेच. दुसऱ्या मजल्यापर्यंत पावलं येतात आणि वळतात. मी दार उघडून उभा असतो. गच्चीच्या दाराला मी कुलूप घालत नाही. तशी वेळ आता येत नाही.